दिसणे आणि सिद्ध होणे : स्तनातील संशयास्पद गाठींच्या निदानाचा आढावा

स्तनाच्या कर्करोगावरची आपल्याकडची चर्चा बहुधा 'लवकर ओळखा' इथे सुरू होते आणि तिथेच संपते. ओळखणे ही मात्र एक क्रिया नाही, तिचे दोन टप्पे आहेत. आधी काहीतरी वेगळे दिसावे लागते : हाताला लागलेली गाठ, मॅमोग्राफीवरचा पांढरा डाग, सोनोग्राफीतली काळसर सावली. मग त्या ठिकाणच्या ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो कर्करोग आहे की नाही हे सिद्ध व्हावे लागते. या दोन टप्प्यांमधला पूल म्हणजे प्रतिमेच्या आधाराने केलेली बायोप्सी. डाग पडद्यावर डोळ्यांसमोर ठेवायचा आणि सुई नेमकी तिथेच न्यायची.

गेल्या पन्नास वर्षांतला जाहीर वाद बहुतेक पहिल्या टप्प्यावर झाला. निरोगी स्त्रियांची मॅमोग्राफी करावी का, कोणत्या वयापासून, किती वर्षांनी? दुसऱ्या टप्प्यावरचा बदल फारसा गाजावाजा न होता घडला, पण स्त्रीच्या वाट्याला प्रत्यक्ष काय येते हे त्यानेच अधिक बदलले. या लेखात दोन्ही टप्पे एकत्र ठेवून पाहिले आहेत, कारण एकाचा हिशेब दुसऱ्याला वगळून लागत नाही.

प्रतिमा कशी घडत गेली

१९१३ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे काढून ते प्रत्यक्ष ऊतीशी ताडून पाहिले. गाठीच्या कडा, तिचे पसरणे आणि काही ठिकाणी दिसणारे बारीक पांढरे कण त्यांनी नोंदवले. त्या कणांचे निदानातले महत्त्व पुढे इतरांनी ओळखले. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत सालोमोन यांचे काम बंद पडले. त्यांची चित्रकार मुलगी शार्लोट १९४३ मध्ये ऑशविट्झमध्ये मारली गेली. वैद्यकाच्या इतिहासात हे काम बराच काळ अडगळीत राहिले, त्याला ही पार्श्वभूमीही आहे.

पुढचा मोठा धागा उरुग्वेतला. १९५० च्या सुमारास राऊल लेबोर्न यांनी स्तन दाबून धरून एक्स-रे घेण्याची पद्धत बसवली आणि कॅल्शियमच्या कणांचा आकार व मांडणी यांवरून निरुपद्रवी आणि संशयास्पद असा भेद करता येतो हे दाखवले. १९६० मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी कोणत्याही केंद्रात तशीच जमेल अशी पद्धत मांडली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून फक्त स्तनासाठी बनवलेले, मॉलिब्डेनमची नळी वापरणारे यंत्र आले. मऊ ऊतींतला बारीक फरक टिपायला लागणारे कमी ऊर्जेचे किरण त्यातून मिळू लागले.

फिल्म जाऊन डिजिटल आले तेव्हा उत्तर अमेरिकेत जवळपास ५०,००० स्त्रियांवर तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण फरक नव्हता. पन्नाशीच्या आतल्या आणि घट्ट स्तन असलेल्या स्त्रियांत मात्र डिजिटल सरस ठरले. सोनोग्राफीचे काम आधी मर्यादित होते : गाठ पाण्याची की भरीव, एवढेच सांगायचे. १९९५ मध्ये थॉमस स्टाव्ह्रोस यांनी ७५० भरीव गाठींचा अभ्यास मांडला आणि कडा, आकार, उंची-रुंदीचे प्रमाण यांवरून सोनोग्राफी बरेच अधिक सांगू शकते हे पटवून दिले.

सुईची वाटचाल

१९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत आणि इतरत्रही ठरलेला क्रम असा होता : गाठ आहे म्हणून भूल द्यायची, ती कापून गोठवून लगेच तपासायची आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. संमतीपत्रावर दोन्हींसाठी एकच सही. जाग आल्यावर छातीशी हात नेऊन पाहीपर्यंत काय झाले हे त्या बाईला माहीत नसे. पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या आजारात हा क्रम नाकारला आणि नंतर त्याविरुद्ध मोहीम चालवली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने निदान आणि उपचार हे दोन वेगळे टप्पे असावेत अशी शिफारस केली. प्रतिमेच्या आधाराने होणाऱ्या बायोप्सीच्या इतिहासात मी या निर्णयाला यंत्रांइतकेच महत्त्व देईन. निदान आधी आणि वेगळे हवे हे ठरल्यानंतरच ते सुईने करण्याची गरज निर्माण झाली.

मॅमोग्राफीने नवी अडचणही आणली. हाताला न लागणारा, फक्त फिल्मवर दिसणारा डाग सर्जनने कापायचा कुठे? त्यावर काढलेला मार्ग म्हणजे टोकाला आकडा असलेली बारीक तार. एक्स-रे पाहत ती डागापर्यंत सोडायची आणि तारेच्या मागाने सर्जनने जायचे. ही तार आजही वापरात आहे. पण निव्वळ निदानासाठी शस्त्रक्रिया व्हायची आणि त्यांतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघायच्या.

१९७७ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इस्पितळातील नॉर्डेनस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी दोन कोनांतून घेतलेल्या एक्स-रेंवरून डागाची खोली मोजून सुई नेणारे यंत्र मांडले. पाठोपाठ स्वीडनमध्येच स्प्रिंगवर चालणारी बायोप्सी गन आली. एका खटक्यात ती ऊतीचा बारीक दंडगोल कापून घेते. हे दोन्ही एकत्र आणून १४ गेज जाडीच्या सुईने मिळणारे निदान शस्त्रक्रियेच्या तोडीचे असते हे १९९० पासून कोलोरॅडोच्या स्टीव्ह पार्कर यांनी दाखवले. १९९४ मध्ये २० केंद्रांतल्या ६,१५२ गाठींचा एकत्रित अनुभव प्रसिद्ध झाला आणि निदानासाठी शस्त्रक्रिया मागे पडू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर निर्वात दाबाने ऊती आत ओढून कापणारी सुई आली. एकदा आत शिरली की ती गोल फिरून अनेक तुकडे घेते. कॅल्शियमच्या कणांसाठी तिचा फायदा सर्वांत मोठा.

आज प्रत्यक्षात काय होते

कोणती प्रतिमा वापरायची याचा नियम साधा आहे : डाग ज्यात दिसतो त्यात, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसत असेल तर सर्वांत सोप्या मार्गाने. सोपा मार्ग म्हणजे सोनोग्राफी. किरणांचा प्रश्न नाही, बाई पाठीवर निजलेली असते आणि सुईचे टोक गाठीत शिरताना त्याच क्षणी पडद्यावर दिसते. जागेपुरती भूल देतात, चाकूच्या टोकाने त्वचेवर बारीक छेद घेतात आणि सुई छातीच्या पिंजऱ्याला समांतर ठेवून आत नेतात, म्हणजे फुप्फुसाला इजा होण्याचा धोका राहत नाही. साधारण चार-पाच तुकडे घेतले की काम होते. नंतर दाबून धरायचे आणि बर्फ ठेवायचा. काळेनिळे होणे नेहमीचेच असते, टाके लागत नाहीत.

कॅल्शियमचे कण सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत, म्हणून तिथे स्टिरिओटॅक्सी लागते. स्तन दाबून स्थिर ठेवतात. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १५ अंशांवरून एकेक चित्र घेतात. दोन चित्रांत डाग जितका सरकलेला दिसतो त्यावरून त्याची खोली निघते. तुकडे काढल्यावर त्यांचाच एक्स-रे काढून कण त्यांत आले आहेत याची खात्री करतात. ही पायरी गाळली तर पुढच्या रिपोर्टला अर्थ उरत नाही. डाग पूर्ण निघून गेला असण्याची शक्यता असेल तर तिथे धातूची बारीकशी खूण सोडतात, नाहीतर पुढे शस्त्रक्रियेची वेळ आल्यावर जागा सापडायची नाही.

एमआरआयवरच दिसणाऱ्या डागांसाठी एमआरआय पाहून बायोप्सी करता येते. ती वेळखाऊ आणि महाग आहे आणि त्यासाठी लागणारी खास सामग्री आपल्याकडे मोजक्या केंद्रांत आहे. म्हणून आधी एमआरआयमध्ये दिसलेली जागा सोनोग्राफीने पुन्हा शोधतात. सापडली तर काम तिथेच होते.

बायोप्सी कोणाची करायची हे ठरवायला जगभर 'बायरॅड्स' ही श्रेणीपद्धत वापरतात. अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. तिच्याआधी रिपोर्टांत 'संशय नाकारता येत नाही' छापाची वाक्ये असत आणि डॉक्टरने काय करायचे ते मोघमच राही. श्रेणी ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत, म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. श्रेणी ५ म्हणजे ९५ टक्के किंवा अधिक. मधली श्रेणी ४ ही २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत ऐसपैस पसरलेली, म्हणून तिचे तीन उपविभाग केले : १० टक्क्यांपर्यंत, ५० पर्यंत आणि त्यापुढे. आपल्याकडच्या अनेक रिपोर्टांत नुसतेच 'श्रेणी ४' लिहिलेले असते. घरचे लोक त्यावरून घाबरायचे तेवढे घाबरतात, पण प्रत्यक्षात काही कळत नाही.

सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी शेवटची आहे : प्रतिमा आणि तुकडा यांचा मेळ बसतो का ते पाहणे. मॅमोग्राफीवर काटेरी कडांचा डाग आहे आणि रिपोर्टमध्ये 'सामान्य ऊती' असे आले, तर निष्कर्ष 'कर्करोग नाही' असा काढायचा नसतो. सुई जागेवर गेली नाही असे धरून पुन्हा बायोप्सी करायची असते. हे ठरवायला रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलावे लागते. दोघे एकाच इस्पितळात असतील तर ते होते. एक तालुक्याच्या गावी आणि दुसरा शहरातल्या प्रयोगशाळेत असेल तर बहुधा होत नाही.

पहिला वाद : कोणाला शोधायला जायचे

निरोगी स्त्रियांची मॅमोग्राफी करून जीव वाचतात का, याची पहिली मोठी चाचणी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांवर सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी केलेल्या गटात स्पष्ट कमी दिसले. १९७७ मध्ये स्वीडनच्या दोन परगण्यांत सुरू झालेल्या चाचणीचे निकाल लास्लो ताबार यांनी १९८५ मध्ये मांडले. त्यांत मृत्यूंतली घट ३१ टक्के होती. युरोपातले सरकारी तपासणी कार्यक्रम बऱ्याच अंशी या आकड्यावर उभे राहिले.

उलट बाजूला कॅनडाची चाचणी आहे. १९८० पासून सुमारे ९०,००० स्त्रियांवर झालेल्या या अभ्यासाचा २५ वर्षांचा पाठपुरावा २०१४ मध्ये आला आणि मृत्युदरात फरक आढळला नाही. तिच्या टीकाकारांचे म्हणणे, त्या काळची मॅमोग्राफी निकृष्ट होती आणि गट पाडतानाच गाठ असलेल्या काही स्त्रिया तपासणीच्या गटात गेल्या असाव्यात. चाचणी करणाऱ्यांनी हे आक्षेप फेटाळले. २००० मध्ये डेन्मार्कचे पीटर गोट्शे आणि ओले ओल्सेन यांनी जुन्या चाचण्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवले आणि वाद अधिक कडवट झाला.

तडजोडीच्या सर्वांत जवळ पोहोचला तो ब्रिटनमधील मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालचा २०१२ चा अहवाल. पन्नाशीपासून वीस वर्षे बोलावलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असा कर्करोग सांगितला जातो जो आयुष्यात कधी त्रास देता ना (म्हणजे अतिनिदान), असा त्यांचा अंदाज होता. एकामागे तीन. हा सौदा कसा वाटतो हे स्त्रीने स्वतः ठरवावे, तिला आकडे सांगावेत, ही त्यांची भूमिका. स्वित्झर्लंडच्या वैद्यकीय मंडळाने २०१४ मध्ये नवे कार्यक्रम सुरू करू नयेत असे सुचवले. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०२४ मध्ये वयाची पायरी उलट खाली आणून चाळिशीपासून दर दोन वर्षांनी तपासणी सुचवली. तेच पुरावे, वेगळे निष्कर्ष.

या वादात एक गोष्ट हिशेबात पुरेशी धरली जात नाही. मूळ चाचण्या झाल्या तेव्हा संशय आला की बहुधा शस्त्रक्रिया व्हायची. आज तिथे जागेपुरती भूल आणि सुई आहे, म्हणजे खोट्या संशयाची किंमत नक्कीच उतरली. पण किंमत उतरली की वापर वाढतो. सुई सोपी झाल्यामुळे पूर्वी नुसते लक्ष ठेवले असते असे डागही आज टोचले जातात. अमेरिकेत अशा बायोप्सींपैकी साधारण चारांत तीन निरुपद्रवी निघतात. शिवाय औषधोपचार सुधारल्यामुळे लवकर सापडण्याचा जादा फायदा पूर्वीइतका राहिला आहे का, हाही प्रश्न आहे. जुन्या चाचण्या त्याचे उत्तर देऊ शकत नाहीत.

दुसरा वाद : सापडले त्याला काय म्हणायचे

तुकडा म्हणजे अंतिम सत्य असा आपला समज असतो. २०१५ मध्ये जोॲन एल्मोर यांच्या गटाने ११५ अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांना तज्ज्ञ मंडळाने आधी निदान केलेले नमुने दाखवले. त्यांची उत्तरे तज्ज्ञ मंडळाशी एकूण ७५ टक्के वेळा जुळली. पसरणाऱ्या कर्करोगाबाबत जवळपास सगळ्यांचे एकमत होते. पण कर्करोग नाही आणि सामान्यही नाही अशा 'अटिपिया' प्रकारात जुळणी ४८ टक्क्यांवर आली. मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी मिळून नेमके हेच मधले नमुने अधिक काढतात.

इथे सुईचा आकार महत्त्वाचा ठरतो. १४ गेजच्या सुईने अटिपिया सांगितलेल्या ठिकाणी शस्त्रक्रियेत अनेकदा कर्करोगच निघे, म्हणजे सुईने कमी सांगितले. निर्वात सुईने तुकडा मोठा येतो आणि हे प्रमाण बरेच उतरते, पण शून्यावर येत नाही. ब्रिटनमध्ये अशा अनिश्चित प्रकारांतल्या बऱ्याच गाठी शस्त्रक्रियेऐवजी निर्वात सुईनेच पुऱ्या काढून टाकण्याकडे कल आहे. इतरत्र अजून शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो.

याहून मोठा गुंता दुधाच्या नळ्यांतच राहिलेल्या कर्करोगाचा, म्हणजे डीसीआयएसचा आहे. मॅमोग्राफी येण्यापूर्वी तो क्वचित सापडे. आता कॅल्शियमच्या कणांवरून सर्रास सापडतो. त्यातला काही भाग पुढे पसरेल, काही कधीच पसरणार नाही, आणि कोणता कोणता हे आज सांगता येत नाही. कमी धोक्याच्या डीसीआयएसमध्ये नुसते लक्ष ठेवले तर चालेल का, हे पाहण्यासाठी ब्रिटन, नेदरलँड्स आणि अमेरिकेत चाचण्या सुरू झाल्या. ब्रिटनच्या चाचणीला पुरेशा स्त्रिया मिळाल्या नाहीत. अमेरिकेतील 'कॉमेट' चाचणीचे दोन वर्षांचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले : शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के आणि लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के स्त्रियांत पसरणारा कर्करोग आढळला. म्हणजे वाट पाहणे निदान दोन वर्षांपुरते तरी वाईट ठरले नाही. या आजारात दोन वर्षे ही फार छोटी मुदत आहे, हे चाचणी करणारेही मान्य करतात.

घट्ट स्तन, एमआरआय आणि संगणक

स्तनातली ग्रंथींची ऊती मॅमोग्राफीवर पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच. स्तन जितके घट्ट तितकी गाठ लपते, आणि अशा स्त्रियांना धोकाही थोडा अधिक असतो. अतिघट्ट स्तनांच्या स्त्रियांना जोडीला एमआरआय दिला तर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग हजारामागे ५ वरून २.५ वर येतात, असे नेदरलँड्सच्या ४०,००० हून अधिक स्त्रियांवरील चाचणीने २०१९ मध्ये दाखवले. मृत्यू घटतात का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. जपानमध्ये चाळिशीतल्या स्त्रियांना मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी दिली तेव्हा ७७ ऐवजी ९१ टक्के कर्करोग पकडले गेले, मात्र खोट्या संशयाचे प्रमाणही वाढले. आशियाई स्त्रियांसाठी हा अभ्यास अधिक जवळचा.

स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत संगणकी वाचनाच्या मदतीने कर्करोग सापडण्याचे प्रमाण न घटता डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्के कमी झाले, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. जिथे दोन डॉक्टर प्रत्येक फिल्म वाचतात अशा देशातली ही बचत आहे. एकच रेडिओलॉजिस्ट सगळे सांभाळतो तिथे तिचा अर्थ वेगळा लागेल. थर्मोग्राफीचा पर्यायही अधूनमधून पुढे येतो. मॅमोग्राफीची जागा ती घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला होता.

आपल्याकडचे चित्र

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्काही कधी स्तनाची तपासणी करून घेतलेल्या नव्हत्या. म्हणजे युरोपात ज्या अतिनिदानाची चिंता आहे, ती आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या काही वस्त्यांपुरती मर्यादित आहे. उरलेल्या महाराष्ट्रात गाठ हाताला लागलेली असते, कधी वर्षभर लागत असते.

या परिस्थितीला धरून झालेले सर्वांत मोठे काम मुंबईचे आहे. टाटा मेमोरियलच्या इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी चार वेळा हाताने स्तन तपासले. २०२१ च्या निकालात प्रगत अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले होते. मृत्यूंतली एकूण घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत ती जवळपास ३० टक्के होती आणि कसोटीवर उतरली. बाजूने बोलणारे म्हणतात, कमी खर्चात मॅमोग्राफीच्या तोडीचा परिणाम. सावध राहणारे म्हणतात, वयानुसार केलेली ही फोड आकडे हाती आल्यानंतरची आहे. मला आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते : सेविकेला संशय आलेल्या स्त्रीची पुढची तपासणी टाटामध्ये होत होती. हात आणि सुई यांच्यात अंतर नव्हते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी सेविकांकरवी तपासणी आहे. गोव्यात २०२१ पासून राज्य सरकारने युवराज सिंग यांच्या 'यू वी कॅन' संस्थेच्या साथीने हातात मावणाऱ्या उपकरणाने पहिली चाळणी लावली आणि पुढच्या मॅमोग्राफी-बायोप्सीची वाट आखून दिली. लहान राज्याला ते जमते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरच्या स्त्रीला संशय सांगितला, तर ती सुईसाठी जाणार कुठे?

सुई कोणती, यावरही आपल्याकडे मतभेद आहेत. बारीक सुईने पेशी शोषून पाहण्याची तपासणी, म्हणजे एफएनएसी, स्वस्त आहे, बाह्यरुग्ण विभागात होते, उत्तर लवकर मिळते आणि ती वाचणारे कुशल डॉक्टर आपल्याकडे आहेत. साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या देशांत तिचे स्थान आहे, असे पेशीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय अकादमीची २०२० ची योकोहामा रिपोर्टपद्धतही मानते. डॉक्टरचा हात, प्रतिमा आणि सुई या तिन्हींचे उत्तर एकच असेल तर चूक होण्याची शक्यता अगदी कमी राहते. एफएनएसीची मर्यादा अशी की पेशी सुट्या येतात, त्यामुळे कर्करोग नळीतच आहे की बाहेर पडला ते कळत नाही, आणि हार्मोनच्या ग्राहकांची व हर-२ या प्रथिनाची तपासणी तिच्यावर भरवशाने होत नाही. आज मोठ्या गाठींत शस्त्रक्रियेआधी औषधे द्यायची की नाही ते याच तपासण्यांवर ठरते, म्हणून कोअर बायोप्सीचा, म्हणजे ऊतीचा दंडगोल कापून घेण्याचा, आग्रह. कोअर घेतली म्हणजे मात्र सगळे झाले असे नाही. तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवा आणि तिथे सहा ते बहात्तर तास राहायला हवा. तो सलाईनच्या बाटलीत घालून एसटीने शहरात पाठवला तर कर्करोग कळेल, पण हार्मोनचा रिपोर्ट खोटा 'नाही' म्हणू शकतो.

तिसरा प्रकारही चालतो : निदान नसताना गाठ सरळ काढून टाकणे. नंतर रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला की कडा मोकळ्या होत्या का, छेद योग्य जागी होता का, हे प्रश्न उरतात आणि बऱ्याचदा दुसरी, मोठी शस्त्रक्रिया पदरी येते. उलट, स्तनाचा क्षयरोग आणि ग्रॅन्युलोमाची सूज हे दोन्ही आपल्याकडे दिसणारे आजार प्रतिमेवर कर्करोगासारखे भासतात. तिथे सुईमुळे स्त्रीची नाहक शस्त्रक्रिया टळते.

'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' ही धास्ती गावात आहे तशी सुशिक्षित घरांतही आहे. ती पूर्ण निराधार नाही. १९९९ च्या एका अभ्यासात सुईच्या वाटेवर ३२ टक्के स्त्रियांत सरकलेल्या पेशी आढळल्या. मात्र बायोप्सी आणि शस्त्रक्रिया यांत जितके अधिक दिवस गेले तितक्या त्या कमी सापडल्या, म्हणजे बहुतेक तग धरत नाहीत. सुई वापरल्याने आजार बळावतो असे दीर्घ अनुभवात दिसलेले नाही. डॉक्टरांनी हे 'काही नसतं हो' म्हणून उडवून लावण्यापेक्षा इतके सांगितले तर लोकांना ते समजते.

अजून न सुटलेले

जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनकर्करोग उपक्रमात तीन लक्ष्ये आहेत : ६० टक्के रुग्ण पहिल्या दोन अवस्थांत सापडावेत, डॉक्टरकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे आणि ८० टक्के स्त्रियांनी उपचार पुरे करावेत. मधले लक्ष्य बायोप्सीचे आहे. मॅमोग्राफीचा व्यापक कार्यक्रम भारतात आणावा की नाही यावर तज्ज्ञांत दुमत आहे आणि मृत्युदरापर्यंत जाणारी मॅमोग्राफीची मोठी भारतीय चाचणी झालेली नाही. ६० दिवसांच्या लक्ष्यावर मात्र दोन्ही बाजू सहमत आहेत. मतभेद आहे तो ते गाठायचे कसे यावर.

त्यातला सर्वांत अवघड धागा कायद्याचा आहे. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते कोणी वापरायचे हे ठरलेले आहे आणि हलवता येणाऱ्या यंत्रांवर कडक बंधने आहेत. ज्या महाराष्ट्राने मुलींचे घटते प्रमाण आणि बीड जिल्ह्यातली गर्भलिंग निदानाची प्रकरणे पाहिली, तिथे ही बंधने सैल करा असे म्हणणे सोपे नाही, आणि महिला संघटनांचा विरोध समजण्यासारखा आहे. दुसरीकडे, गाठीत सुई न्यायला हेच यंत्र लागते. फक्त वरवरच्या ऊती दाखवणारा, गर्भापर्यंत न पोहोचणारा प्रोब वेगळा नोंदवता येईल का? तंत्राच्या अंगाने ते शक्य आहे. पण प्रोब बदलता येतो, आणि कायदा राबवणाऱ्यांची शंका तिथेच आहे.

सुई कोणी धरायची, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये जास्तीचे प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर स्तनाच्या बायोप्सी करतात आणि रेडिओलॉजिस्टांच्या तुटवड्यावर तो एक उतारा ठरला आहे. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनने सोनोग्राफी पाहून कोअर बायोप्सी शिकावी, की रेडिओलॉजिस्टने ठरावीक दिवशी तालुक्याला जावे, की संशयित स्त्रीलाच बस-भाड्यासह जिल्ह्याला पाठवावे, या तिन्ही मार्गांचे पुरस्कर्ते आहेत. मुंबईच्या चाचणीने हाताच्या तपासणीचे जसे मोजमाप केले, तसे या तीन मार्गांचे अजून कोणी केलेले नाही.